नवा लॉन्गबो हातात आल्यावर: पहिल्या बाणाआधी आणि नंतरचे काही आठवडे

डर्बीला येऊन तीन वर्षं झाल्यावर मी इथल्या एका क्लबात तिरंदाजीचा नवशिक्यांचा कोर्स केला, दोन वर्षं रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं आधुनिक धनुष्य) चालवला आणि मग एका कारागिराकडे इंग्लिश लॉन्गबो करायला टाकला. तो यायला सात महिने लागले. तेवढ्या काळात मी या विषयावर इतकं वाचलं की नवरा म्हणाला, आता स्वतःच एक घडव. तरीही धनुष्य आल्यावर पहिल्या तीन आठवड्यांत मी चुकीचे बाण विकत घेतले, बोट कापून घेतलं आणि बाण डावीकडे जातायत म्हणून कारागिराला तक्रारीचा ईमेल लिहून ठेवला. पाठवला नाही ते बरं. धनुष्यात काहीच खोट नव्हती.

ज्यांचा कोर्स झालाय, क्लबाचं धनुष्य हाताळून झालंय आणि आता मापानं करून घेतलेला पहिला लाकडी लॉन्गबो येणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. कोर्स झाला नसेल तर आधी तो करा. इंग्लंडात बहुतेक क्लब त्याशिवाय बाण मारायच्या रेषेवर उभं करत नाहीत, आणि ‘आर्चरी जीबी’ या इथल्या तिरंदाजी संघटनेचं सभासदत्व घेतलं की विम्याचाही प्रश्न मिटतो.

साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले, तेव्हापासून घरून फोन आला की ‘तू पण तेच करतेस ना?’ हा प्रश्न ठरलेला. तेच नाही. त्यांचं धनुष्य कंपाउंड. त्याला चाकं असतात आणि पूर्ण ओढलं की हातावरचा भार झपकन उतरतो. लॉन्गबोत ओढाल तसा भार वाढतच जातो आणि शेवटच्या इंचाला सगळ्यात जास्त असतो. शाळेत ‘इंडियन राउंड’ या स्पर्धाप्रकारासाठी बांबूचं धनुष्य चालवलं असेल, तर ते मात्र याच्या बरंच जवळचं.

१. खोकं उघडा, पण आधी नुसतं बघा

माझं धनुष्य पन्हाळीच्या प्लॅस्टिकच्या पाइपात घालून आलं. दोन्ही टोकांना झाकण, आत जुन्या चादरीची गुंडाळी. इथे लॉन्गबोवाले सर्रास असाच पाइप वापरतात, तेव्हा तो फेकू नका. बाहेर काढल्यावर मेणाचा आणि तेलाचा वास आला आणि लगेच ओढून बघायची इतकी सुरसुरी आली की काय सांगू. पण तो मोह आवरा. दोरी न चढवता अर्धा तास नुसतं बघा.

आधी नावं नीट करून घेऊ, कारण इथेच पहिला गोंधळ होतो. धनुष्याची ‘पाठ’ म्हणजे लक्ष्याकडे असते ती बाजू, आणि ‘पोट’ म्हणजे तुमच्याकडे असते ती. माझ्या धनुष्याची पाठ हिकरीची, पोट लेमनवुडचं आणि मध्ये पर्पलहार्टची जांभळी पट्टी आहे. एकाच लाकडाचं यू झाडाचं धनुष्य घेतलं असेल, तर पाठीला फिकट बाहेरचं लाकूड आणि पोटाला लालसर गाभा दिसेल. लॉन्गबोचं पोट गोलसर असतं आणि पाठ जवळजवळ सपाट. कधीही, अगदी गंमत म्हणूनही, दोरी पाठीच्या बाजूनं चढवू नका. उलट्या दिशेला वाकवलं की लाकूड मोडतं.

मग हे तपासा:

- धनुष्य डोळ्यासमोर बंदुकीसारखं धरून एका टोकाकडून दुसऱ्याकडे बघा. किंचित वळण चालतं, पीळ नको.
- कापसाचा बोळा पाठीवरून अलगद फिरवा. कापूस कुठे अडकला तर तिथे लाकडाचं कूस उठलंय. डोळ्यांना दिसत नाही ते कापसाला कळतं.
- लाकडांच्या जोडावर उजेड धरा. गोंदाची रेघ सलग हवी.
- पोटावर नखाच्या कडेएवढ्या बारीक आडव्या रेघा आहेत का? नव्या धनुष्यावर त्या असता कामा नयेत.
- दोन्ही टोकांची शिंगाची बोंडं घट्ट आहेत का, आणि त्यांच्या खाचेला धार तर राहिली नाही ना?

वरचं टोक कुठलं हे ओळखायला बहुतेक धनुष्यांत वरचं शिंग जरा लांब असतं. मुठीच्या वर डाव्या अंगाला बाण घासतो तिथे शिंपल्याचा किंवा चामड्याचा छोटा तुकडा बसवलेला असेल तर तीही खूण. उलटं धरून बाण मारणारे मी पाहिलेत. त्यातली एक मी.

सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा, दोरी न चढवलेल्या धनुष्याचा बाजूनं काढलेला एक तर हवाच. पुढे कामाला येतो.

२. कागद आणि सामान

कागद म्हणजे फार काही नाही. कारागिराची चिठ्ठी किंवा ईमेल, ज्यात चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: किती इंच ओढल्यावर किती पाऊंड भार, जास्तीत जास्त किती इंच ओढायचं, दोरी मुठीपासून किती उंच ठेवायची, आणि दोरी कुठल्या धाग्याची. यातलं एकही नसेल तर आत्ताच विचारून घ्या. शिवाय पावती आणि क्लबाचं सभासदपत्र. स्पर्धेत उतरायचं असेल तर धनुष्याची लांबीही विचारा. इथल्या नियमानुसार बाण २७ इंच किंवा त्याहून लांब असेल, तर लॉन्गबो किमान साडेपाच फूट हवा.

सामान:

- कारागिरानं दिलेली दोरी आणि तशीच आणखी एक
- दोरीचं मेण
- टी आकाराची मोजपट्टी, जी दोरीवर अडकते
- बाणाची जागा बांधायला दोरा. दात साफ करायचा फ्लॉससुद्धा चालतो
- बोटांसाठी चामड्याचा टॅब किंवा हातमोजा, आणि मनगटाच्या वर बांधायचा ब्रेसर
- धनुष्य धरायच्या हातासाठी पातळ हातमोजा. हा विसरू नका, कारण पुढे येतंय
- बॅग तोलायचा हुकवाला काटा. भारतात जाताना २३ किलोची चिंता करणाऱ्या प्रत्येक घरात तो असतोच

दोरीबद्दल एक इशारा. आधुनिक, अजिबात न ताणणाऱ्या धाग्याची दोरी वेगवान असते म्हणून कुणीतरी सुचवेल. कारागिरानं त्या हिशेबानं टोकं केली नसतील तर ती चढवू नका. डेक्रॉनची दोरी थोडी ताणते आणि झटका पचवते, लाकडाला ती बरी.

३. पाऊंड आणि इंच, दोन्ही स्वतः मोजा

धनुष्यावर मुठीजवळ शाईनं बारीक आकडे लिहिलेले असतात. माझ्यावर ३८ आणि २७ आहेत, म्हणजे २७ इंच ओढल्यावर ३८ पाऊंड. बहुतेक नवखे फक्त पहिला आकडा वाचतात. खरा महत्त्वाचा दुसरा.

तुम्ही किती ओढता ते आधी माहीत असायला हवं. हलक्या धनुष्यावर लांब बाण लावा, नेहमीसारखं ओढा आणि मित्राला धनुष्याच्या पाठीजवळ बाणावर पेन्सिलनं खूण करायला सांगा. पाच वेळा करा. दमलेल्या अवस्थेतही करा, कारण दमलं की खांदा आखडतो आणि इंच कमी होतो. ऑर्डर देण्याआधी हे केलं नसेल तर आता तरी करा. धनुष्य २७ ला केलंय आणि तुम्ही २९ ओढता, तर ते दोन इंच लाकडाच्या जिवावर येतात. उलट तुम्ही २५ च ओढत असाल तर धोका नाही, फक्त ३८ चे ३३-३४ पाऊंडच मिळतील. शेवटच्या टप्प्यात एका इंचाला साधारण दोन ते अडीच पाऊंड पडतात.

वजन बघायला दोरी चढवलेल्या धनुष्यावर बाणाची जागा असते तिथे काट्याचा हुक अडकवा, मूठ दुसऱ्यानं घट्ट धरायची, आणि खूण केलेल्या बाणाच्या मापानं हळूहळू ओढा. किलोला २.२ नं गुणा. माझा काटा १७ किलो आणि वर थोडं दाखवत होता, म्हणजे चिठ्ठी खरी होती. आकडा वाचला की तसंच हळूहळू परत आणायचं. सोडायचं नाही.

३८ पाऊंड कमी वाटून खजील होऊ नका. ‘मेरी रोज’ हे जहाज १५४५ मध्ये बुडालं आणि १९८२ मध्ये वर काढलं. त्यातले शेकड्याहून जास्त लॉन्गबो पोर्ट्समथच्या संग्रहालयानं जपलेत. माणसापेक्षा उंच, आणि अंदाजे शंभर पाऊंडांच्या पुढचे. ती माणसं लहानपणापासून तेच करत होती. तुम्ही दिवसभर लॅपटॉपसमोर बसता.

४. दोरी चढवणं

शिवधनुष्य दोरी चढवतानाच मोडलं होतं हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. तिथे सीता मिळाली, इथे फक्त बिल मिळतं.

दोन पद्धती आहेत. पहिली, दोरीचंच साधन, ज्याला इकडे स्ट्रिंगर म्हणतात. दोन टोकांना चामड्याच्या टोप्या, मध्ये लांब दोरी. टोप्या टोकांवर घालायच्या, दोरीवर पाय ठेवून मूठ वर उचलायची. लाकूड दोन्हीकडे सारखं वाकतं. टोपी तुमच्या शिंगाच्या आकाराला बसते का ते कारागिराला विचारा, कारण सैल टोपी सटकली की धनुष्य तोंडावर येतं.

दुसरी जुनी पद्धत. दोरीचा खालचा फास खाचेत बसवा आणि वरचा फास लिम्बवर सैल सरकवून ठेवा. (धनुष्याच्या दोन अर्ध्यांना इथे लिम्ब म्हणतात. आमच्या आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिला वाटलं मी लिंबाबद्दल बोलतेय.) खालचं टोक उजव्या पायाच्या आतल्या अंगाला टेकवा, जमिनीला नाही. धनुष्याची पाठ तुमच्याकडे. उजव्या हातानं मूठ स्वतःकडे ओढा, डाव्या तळव्याच्या टाचेनं वरचा लिम्ब पुढे दाबा आणि त्याच हाताच्या अंगठ्यानं फास वर सरकवत खाचेत बसवा. बोटं दोरी आणि लाकडाच्या मध्ये कधीही नकोत. फास निसटला तर बोटं तिथेच राहतात.

तिसरी पद्धतही दिसेल: धनुष्याच्या आणि दोरीच्या मधून पाय घालून मांडीवर वाकवायचं. तिच्यानं लिम्बला पीळ पडतो. करू नका, कुणी कितीही वर्षं करत आलेलं असो.

फास बसला की हात सोडण्याआधी दोन्ही टोकं बघा. पहिल्या दिवशी माझा वरचा फास खाचेत अर्धाच बसला होता. दोरी हलकेच ओढली आणि ‘टक्’ असा आवाज आला. फास आपणहून जागेवर गेला म्हणून बचावले. आणि हे सगळं दिवाणखान्यात करू नका. सहा फुटी धनुष्य आणि इंग्लिश घराचं छत यांचं जमत नाही, आमच्याकडे दिव्याची काच बदलावी लागली.

५. दोरीची उंची आणि बाणाची जागा

चढवलेल्या दोरीचं मुठीपासूनचं अंतर लॉन्गबोत साधारण सहा ते साडेसहा इंच असतं. जुनं माप म्हणजे मूठ मिटून अंगठा ताठ करायचा. मूठ धनुष्याच्या पोटाला टेकवली की अंगठ्याचं टोक दोरीला लागलं पाहिजे. पण सगळ्यांचे हात सारखे नसतात, तेव्हा चिठ्ठीतलं माप धरा आणि पट्टी लावा.

नवी दोरी ताणते. पहिले दोन दिवस दर बारा बाणांनी माप घ्या. उंची उतरली तर दोरी काढून फासाकडून काही पीळ वाढवा. खाली गाठ मारायची दोरी असेल तर गाठ सरकवा.

बाणाची खाच दोरीवर काटकोनापेक्षा थोडी वर लागते. बाण तुमच्या मुठीवरून जाणार, त्यामुळे ती फार खाली ठेवली तर बाण बोटावर आपटून वर उडी मारतो. मी काटकोनाच्या पाव इंच वरून सुरुवात केली आणि फ्लॉसची छोटी गाठ बांधली. पक्की करायची घाई नको, ती पहिल्या आठवड्यात हलणारच.

६. बाण, आणि माझे फुकट गेलेले पैसे

लंडनमध्ये धनुष्य घडवणारे आणि बाण घडवणारे १३७१ पासून वेगवेगळे संघ आहेत. ती दोन वेगळी कामं आहेत, हे मला उशिरा कळलं. धनुष्य सात महिने थांबून मापानं करून घेतलं आणि बाण मात्र एका दुकानात ‘३८ पाऊंड’ एवढंच सांगून डझनभर उचलले. दुकानदारानं इंच विचारले नाहीत, मीही सांगितले नाहीत. ४५ ते ५० पाऊंडांच्या धनुष्याला शोभतील असे कडक बाण मिळाले. सगळे डावीकडे, आणि मी त्या ईमेलचा मसुदा करत बसले.

कारण समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल. लॉन्गबोत बाणासाठी खिडकी कापलेली नसते. बाण धनुष्याच्या कडेला टेकलेला असतो आणि सुटताना त्याला जाड मुठीला वळसा घालून जावं लागतं. म्हणजे तो आधी वाकतो, मग सरळ होतो. तो किती वाकतो यावर सगळं आहे. उजव्या हातानं ओढणाऱ्याचा बाण फार ताठ असेल तर वळसा न घेता डावीकडे जातो, फार मऊ असेल तर उजवीकडे. डावखुऱ्यांसाठी उलट.

म्हणून एकदम डझन घेऊ नका. बाण करणाऱ्याकडून दोन-तीन ताठपणाचे दोन-दोन बाण मागा. पाच पाऊंडांच्या गटांत ते मिळतात. लॉन्गबोसाठी आकड्यापेक्षा एक गट मऊ बरेचदा जुळतो. मला शेवटी ३० ते ३५ चा गट जुळला. वीस यार्डांवर सहा-सहा बाण मारा, वेगवेगळ्या दिवशी. एका दिवसाच्या निकालावर जाऊ नका, कारण दोरी सोडताना हात बाहेर फेकला तरी बाण डावीकडेच जातो, आणि तो दोष बाणाचा नाही.

बाकी बाणाबद्दल पटपट:

- लांबी तुमच्या ओढीपेक्षा किमान एक इंच जास्त. टोक मुठीच्या आत येता कामा नये.
- वजन फार हलकं नको. धनुष्याच्या एका पाऊंडाला आठ-दहा ग्रेन (बाण तोलायचं बारीक माप) धरून चाला. हलक्या बाणानं उरलेली ताकद धनुष्यात आणि तुमच्या कोपरात जाते.
- पिसं खरी, आणि एका बाणाची सगळी एकाच बाजूच्या पंखाची.
- बाणाचं वेगळ्या रंगाचं पीस धनुष्यापासून बाहेरच्या बाजूला.
- रोज, मारण्याआधी, प्रत्येक बाण कानाजवळ धरून हलकाच वाकवा. कुरकुर ऐकू आली की तो बाजूला, आणि लगेच तिथेच मोडून टाका. नाहीतर संध्याकाळी तो पुन्हा भात्यात येतो. तडकलेला बाण सुटताना फुटला तर त्याची सळई हातात घुसते.

आता बोटाची गोष्ट. लॉन्गबोत बाण धनुष्य धरलेल्या हाताच्या तर्जनीच्या पेरावरून जातो. पिसाचं पुढचं टोक जर नीट घासून दोऱ्यानं बांधलेलं नसेल तर ते सुईसारखं लागतं. चौथ्या बाणाला मला काहीतरी चावल्यासारखं वाटलं, दहाव्याला मुठीच्या चामड्यावर लाल ठिपका दिसला. तेव्हापासून पातळ हातमोजा. क्लबातली जुनी मंडळी हसली, पण प्रत्येकाच्या पेरावर तो पांढरा वण आहे.

७. मैदानावरचा पहिला दिवस

वाऱ्याचा आणि फार थंडीचा दिवस टाळा. लक्ष्य जवळ, वीस यार्ड. अंतर आणि गुण विसरा.

सुरुवातीला बाणाशिवाय गरम करा. लाकडाला आणि खांद्याला दोघांनाही. दहा वेळा अर्धं ओढून हळूच परत. मग दहा वेळा पाऊण. मग तीन-चार वेळा पूर्ण. प्रत्येक वेळी दोरी बोटांत धरूनच परत आणायची. बाण न लावता दोरी सोडणं हे लॉन्गबोचं सगळ्यात मोठं पाप. बाण जी ताकद घेऊन जातो ती सगळी लाकडात परत येते आणि टोक, दोरी नाहीतर लिम्ब, काहीतरी जातं.

गरम करताना मित्राला बाजूनं व्हिडिओ काढायला सांगा. पूर्ण ओढीला दोन्ही लिम्ब एकसारखी गोलाई घेतात का बघा. एका जागी कोपरासारखा बाक दिसला तर थांबा. त्या दिवशी बाण मारू नका.

मग बाण. रिकर्व्हवरून येणाऱ्यांना सगळ्यात अवघड जाते ती सवय म्हणजे पूर्ण ओढून थांबणं. तिथे पाच-सहा सेकंद निशाण साधत उभं राहायला शिकवतात. लॉन्गबोवाल्या कारागिरांची जुनी म्हण आहे की पूर्ण ओढलेलं धनुष्य दहात नऊ हिश्शांनी मोडलेलं असतं. ओढा, हनुवटीखाली हात टेकला, एक क्षण, सोडा. मनातल्या मनात ‘एक’ म्हणून होईपर्यंत.

मूठ आवळू नका. लॉन्गबो सुटला की हातात धक्का देतो, रिकर्व्हपेक्षा बराच. आवळून धरलं तर तो धक्का कोपरापर्यंत जातो आणि धनुष्य दर वेळी वेगळ्या बाजूला वळतं. तळव्याच्या टाचेवर भार, बोटं सैल.

पहिल्या दिवशी ३६ बाण पुरे. मी ९० मारले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात उजवा हात डोक्यापर्यंत जात नव्हता. केस डाव्या हातानं विंचरले.

मध्ये चहाची सुट्टी झाली तर दोरी उतरवून ठेवा. धनुष्य गवतावर आडवं टाकू नका, कुणीतरी पाय देतंच.

८. पुढचे काही आठवडे: वही ठेवा

कारागिरानं धनुष्य घडवताना शेकडो वेळा ओढलेलं असतं, तरी नवं लाकूड पहिल्या दोन-तीनशे बाणांत थोडं बसतं. एखादा पाऊंड कमी होतो. दोरी उतरवल्यावर टोकं दोरीच्या बाजूला किंचित झुकलेली राहतात. हे दोष नाहीत. किती झुकली ते मोजायला पहिल्या दिवशीचा बाजूचा फोटो लागतो, म्हणून म्हटलं होतं.

माझ्या वहीत पाचच रकाने होते: तारीख, तापमान, बाण किती, दोरीची उंची, आणि बाण कुठे गेले. उन्हाळ्यातल्या एका गरम दुपारी बाण सगळे खाली पडायला लागले तेव्हा वही चाळून कळलं. उष्णतेत लाकडाची ओढ ढिली पडते. थंडीत उलट, म्हणून डिसेंबरात गरम करायला दुप्पट वेळ द्या.

लॉन्गबोला साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, नसते. तुमच्या डोळ्याला बाणाचं टोक कुठे दिसतं त्यावर काम चालतं. एक अंतर असं असतं की टोक सोन्यावर, म्हणजे लक्ष्याच्या मधल्या सोनेरी वर्तुळावर, ठेवलं की बाण सोन्यात जातो. त्याच्या अलीकडे टोक खाली गवतावर ठेवायचं, पलीकडे वर आभाळात. माझं ते अंतर पंचावन्न यार्डांच्या आसपास आहे. ते दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात शोधा, आधी नाही. हात स्थिर झाल्याशिवाय ते रोज बदलतं. यॉर्क राउंड या स्पर्धाप्रकारात पहिले ७२ बाण शंभर यार्डांवरून असतात. तिकडे जायचं असेल तर घाई नको, पण माहीत असू द्या.

९. घरी ठेवणं

दिवस संपला की दोरी उतरवायची, कोरड्या फडक्यानं पुसायचं, महिन्या-दोन महिन्यांनी मेणाचा हात. ठेवताना दोन खुंट्यांवर आडवं किंवा वरच्या टोकाला टांगून. कोपऱ्यात तिरकं टेकवून ठेवलं की महिन्याभरात वाक येतो. रेडिएटरच्या वर नको, उन्हाळ्यात गाडीत तर मुळीच नको. परसात मारायचा मोह होईल. इथली परसं तीस-चाळीस फुटांची आणि कुंपणाच्या पलीकडे शेजाऱ्याचं मूल. नको.

१०. कारागिराला कधी कळवायचं

पाठीवर कूस उठलं, पोटावर आडव्या रेघा आल्या, गोंदाचा जोड उघडला, टिक् असा आवाज आला, किंवा एक लिम्ब दुसऱ्यापेक्षा जास्त वाकायला लागला, तर त्याच क्षणी दोरी उतरवा आणि फोटो पाठवा. फोटोत शेजारी एखादं नाणं ठेवा म्हणजे रेघ केवढी ते कळतं. स्वतः कागद घेऊन घासू नका. अर्धा मिलिमीटर लाकूड गेलं तरी पाऊंड बदलतात. बाण डावी-उजवीकडे जाणं मात्र या यादीत नाही.

आणि पाहुणे. पुण्याहून आलेल्या माझ्या मावसभावानं ‘बघू गं’ म्हणून दोरी चढवलेलं धनुष्य उचललं, अर्धं ओढलं आणि मी ‘थांब’ म्हणेपर्यंत सोडलं. बाण नव्हता. खोलीत फाट्कन आवाज झाला आणि सगळे गप्प. मी दोरी उतरवली, कापसाचा बोळा काढला आणि पाठीवरून, मग पोटावरून, टोकापासून टोकापर्यंत दोनदा फिरवला. जोड बघितले, शिंगं हलवून बघितली, दोरीचे दोन्ही फास उलगडून बघितले. वरच्या फासाचे दोन धागे तुटले होते. दोरी बदलली, दुसऱ्या दिवशी अर्ध्या ओढीपासून पुन्हा गरम केलं, व्हिडिओ पहिल्या दिवसाच्या व्हिडिओशेजारी लावून बघितला. गोलाई तीच होती. मावसभाऊ तेवढा वेळ चहाचा कप हातात धरून उभा होता, चहा काही प्यायला नाही.

तेव्हापासून पाहुणे येणार असले की दोरी पाकिटात आणि पाकीट माझ्या पर्समध्ये.